चार किलो चारशे

बेतिओच्या धक्क्यावर बर्फाचा कारखाना सकाळपासून गप्प.
बाहेर बायका थर्माकोलची खोकी घेऊन बसल्यात,
ट्यूना ओल्या गोणपाटाखाली,
आणि त्यातली एक, नेई काउरे, दर दहा मिनिटांनी
दारातून डोकं आत घालते. विचारत काहीच नाही.

यंत्राच्या पाटीवर कोरलंय : अकरा किलो दोनशे.
मी होस जोडते, रिकव्हरी मशीन लावते,
आतला वायू रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेते.
काटा थांबतो : सहा किलो आठशे.
उरलेले चार किलो चारशे
कुठे गेले हे विचारायचं नसतं,
कुठून गेले एवढंच शोधायचं.

तेबाओच्या काळी हा हिशेबच नव्हता.
पाना लावायचा, नट सैल करायचा,
फुस्स.
आणि हा केतकीच्या पानाची विडी घेऊन बाहेर उभा.
"हवा काय कमी आहे?" म्हणायचा.
त्याच्या अंगठ्यावर एक पांढरा चट्टा होता,
द्रव उडाला होता कधीतरी.
थंडीही भाजते, हे मी त्या चट्ट्याकडून शिकले.
शेवटच्या वर्षांत त्यानं घर दोनदा मागे सरकवलं.
तिसऱ्यांदा मागे जागा नव्हती,
मागे पलीकडचं पाणी होतं.
त्यावर तो कधी बोलला नाही. मीही नाही.

नायट्रोजन भरला. साबणाचा फेस
सांध्यासांध्याला फासत गेले.
कंडेन्सरच्या मागे, जिथे हात धड पोचत नाही,
एक बुडबुडा फुगला.
फुटला. पुन्हा फुगला.
त्या नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.
घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर मी तो लावते,
पुढच्याला कळावं, इथे कुणाचा हात लागलाय.
पुढची मीच निघाले.

नळीचं तोंड कापलं, नवा फ्लेअर काढला,
व्हॅक्यूम पंप लावला. पाचशे मायक्रॉन. पंप बंद.
आता अर्धा तास नुसतं बसायचं,
आकडा चढतो का बघत.
नेई काउरे शेजारी येऊन टेकली.
"काय बघतेस?"
"काही नाही."
खोटं नव्हतं ते. आत काही नाही,
आणि काही नाहीच राहतंय ना, तेच बघत होते.

मग सिलिंडर उलटा, वजनकाट्यावर.
हा मिश्र वायू; वाफेनं सोडला
तर हलकं आधी निसटतं, जड मागे उरतं,
नवराबायकोच्या भांडणासारखं अर्धंच बाहेर येतं.
म्हणून द्रवच, आणि तोही घोटाघोटानं,
कॉम्प्रेसरला ठसका लागू नये असा.
आधी जुना, गाळून घेतलेला.
मग सुवाहून जहाजानं आलेला नवा,
चार किलो चारशे.
काचेच्या डोळ्यातले बुडबुडे
विरळ झाले, मग नाहीतच.

नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना आहे.
तेबाओ तिथे आडवी रेघ मारायचा.
मी माझं नाव लिहिलं, रोतिआ,
आणि शाई वाळेपर्यंत वही मिटली नाही.

संध्याकाळी पहिली लादी धाडकन खाली आली.
रांगेत आधी कोण होतं
यावरून बाहेर लगेच जुंपली.