सैब

सुट्टी शुक्रवारची रविवारवर गेली, तरी
मी अजून शुक्रवारच्याच चालीने निघतो.
खोर खुवैरच्या धक्क्यावरून उत्तरेला, शअमच्या बाजूला,
जिथे डोंगर थेट पाण्यात पाय सोडून बसलेत
आणि वाट अशी नाहीच.
दगडावर उभं राहून पुढचा दगड ठरवायचा.

मागे आमचा क्रशर, आज मुका.
सहा दिवस तो डोंगर चघळतो,
मी क्रेनवर बसून उचलतो, ठेवतो, उचलतो.
खडी जहाजात चढते आणि कुठल्या कुठे जाते.

पहिल्या वळणाला बुटकी भट्टी, अर्धी ढासळलेली.
हात आत घातला, बोटांना पांढरं लागलं.
चुना. आचऱ्याला परसात
आमचा चुलता शिंपले भाजायचा
तेव्हा हेच पांढरं लागायचं, पानाला आणि धोतराला.

पुढे एका खोलीचं नुसतं जोतं.
जमिनीत बोटभर पन्हळी, शेजारी शेजारी,
सगळ्या एका खड्ड्याकडे उतरणाऱ्या.
मी म्हटलं, गोठा असेल.
मागून काठी टेकत आलेला खमीस हसला.
"खजुराच्या गोण्या. छतापर्यंत रचायच्या.
खालचा खजूर वरच्याच्या भाराने रडायचा. महिने महिने."
वाकून मी पन्हळ हुंगली.
समुद्राचाच वास आला.

खमीस म्हणजे गुरुवार. ऐंशीच्या पुढचा.
त्याचं हिंदी मुंबईच्या गोदीत उचललेलं,
"चलेगा" आणि "खाली पीली"वर तरंगणारं.
"माझा बाप सैब होता," तो म्हणाला.
वा, साहेब! कुठल्या कंपनीत?

तो थांबला. काठी खडकाला टेकवून ठेवली
आणि दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी ओढू लागला,
हातापुढे हात, हातापुढे हात.
सैब. जो होडीत राहतो.
खाली बुडी मारणाऱ्याच्या नाकाला शिंगाचा चिमटा,
पायाला दगड, गळ्यात टोपली,
आणि वर हा, दोरी धरून,
खालून हिसका बसेपर्यंत.

मोती कसा असतो, सांगितलं कधी त्याने?
"मोती नाखवा पाहायचा. बाप दोरी पाहायचा."

मग बराच वेळ नुसते शिंपले.
ढीगच्या ढीग, उघडून फेकलेले,
चपलेखाली ताटं फुटावीत तसे वाजणारे.
त्यांच्यातून सागाची एक फासळी वर आलेली,
मलबारचा साग, अजून तेलकट.
आणि तिला टेकून आमच्याच कन्व्हेयरचा जुना रोलर,
गंजलेला, तीन वर्षांपूर्वीचा.
तोही इथला जुनाच वाटला.

"एकदा दोरी हलकी आली,"
खमीस समुद्राकडे बघत म्हणाला.
"बापाने नाही सांगितलं. आईने सांगितलं.
वहीत मुंबईचे एकशे चाळीस रुपये राहिले,
बुडालेल्याच्या नावावर. मग त्याच्या पोराच्या."
तो पोरगा कोण, मी विचारलं नाही.
गावं लहान असतात.

उद्या सहाला दिलबहादूर खाली उभा राहील,
पिवळं हेल्मेट, हात वर,
आणि मी वीस टन त्याच्या डोक्यावरून नेईन.
अकरा वर्षांत त्याचा हात पाहिला आहे मी,
चेहरा विचाराल तर
नीट सांगता येणार नाही.

भरती लागली. शेवटचा खडक निसरडा.
खमीस आधी चढला, बकरीसारखा,
आणि वरून काठीचं दुसरं टोक पुढे केलं.
मला चढता येत होतं.
धरली.
त्याने ओढली नाही. नुसती
ताणून ठेवली.