ओल

बाबा सांगायचे, कळीला पाणी किती लावायचं
हे गुरवाच्या बोटांना ठाऊक असतं.
जास्त झालं तर दुपारपर्यंत पाषाणाला चिकटून राहते,
कमी झालं तर गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत खाली.
मी दहावी नापास, तांब्या धरायचं काम माझं.

सातेरीला लोक विचारायचे:
ट्रॉलर घेऊ का. बांध कुणाचा.
मस्कतला गेलेला पोर फोन का करत नाही.
उजवी पडली की नारळ,
डावी पडली की पुढच्या सोमवारी परत.

वैजू काहीच विचारायची नाही.
शिरोड्याच्या काजू फॅक्टरीतून सुटली
की चिकानं सोललेली बोटं पदरात घेऊन
मिठागराच्या बांधावरून थेट देवळात.
उंबऱ्याशी, वारुळाकडे तोंड करून बसायची.
हात जोडलेले नाहीत, ओठ हलत नाहीत.
आत कुणी हळू बोलतंय
आणि एक शब्दही चुकता कामा नये, अशी.

आई म्हणाली, हिच्या अंगात येतं का बघा.
येत नव्हतं. तीच तर पंचाईत.
आलं असतं तर गावाला ठाऊक होतं काय करायचं:
खण, हळद, ढोल.

रेडीची माणसं चहा पिऊन गेली.
त्या सोमवारी बाबांनी घरचं गाऱ्हाणं घातलं,
'व्हय म्हाराजा' म्हणायला मी एकटा.
आणि मी बघितलं,
उजव्या कळीला बाबांनी जेमतेम ओल लावली.
बघितलं आणि गप्प राहिलो.

पडली नाही.
खारा वारा सुटला, डावीकडची वाळून मुरडली, गळाली,
ही तशीच.
बाबा जेवले नाहीत.

दिवेलागणीला वैजू आली.
पाषाणाकडे बघितलं नाही, बाबांकडे तर नाहीच.
परडीतली पिटकोळीची एक कळी उचलली,
तांब्यात बुडवली
आणि स्वतःच्या कपाळावर लावली.

'ह्यां काय गो?'

'सगळे तिका इचारतत,' ती म्हणाली.
'आज ती माका इचारता.'

काय, ते सांगितलं नाही.
रात्रभर ती उंबऱ्याशी, मी सभामंडपात घोंगडीवर,
मध्येच जाग आली तेव्हा
भरती खाडीत शिरल्याचा आवाज
आणि तिची पाठ. ताठ.

सकाळी कपाळावर कळी नव्हती.
मी फरशीवर हात फिरवून शोधली,
तिच्या उजवीकडे, डावीकडे, निऱ्यांत.
वारुळाच्या तोंडाशी मुंग्या
काहीतरी तांबडं ओढून नेत होत्या.
कळीच असेल. नसेलही.
वैजूनं तोंडावर पाणी मारलं, डबा घेतला,
भोंग्याआधी कामावर गेली.

रेडीला नकार सांगायला बाबा स्वतः गेले.
परतताना होडीत, खूप वेळानं,
वल्ह्यावरचं पाणी बघत म्हणाले,
'त्या दिवशी मी ओल किती लावली होती रे?'

मी म्हटलं,
माझं लक्ष नव्हतं.