एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, पंधरा

परतवाड्यात, जुन्या आरागिरणीच्या बाजूला
नजाकतभाईचं दुकान. बाहेर लाकडाच्या ट्रकांचे टायर
एकावर एक, विहिरीच्या कठड्यासारखे.
त्यांच्यात माझी लाल, सतरा वर्षांची गाडी
चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी उभी.

मी पथ्रोटच्या सोसायटीत गटसचिव.
दिवसभर खताच्या गोण्या आणि आकडे.
पण सहा महिने झाले, रात्री जेवण उरकलं की
मी रबराचा अभ्यास करतो:
कुठलं सत्तेचाळीस डिग्रीत दम सोडत नाही,
कुठलं ओल्या डांबराला घोरपडीसारखं चिकटतं,
कडेची भिंत किती बुटकी असली म्हणजे
स्टिअरिंगचा शब्द चाकाला लगेच ऐकू जातो.
बायको म्हणते, स्थळं पाहताना
एवढी चौकशी नव्हती केली तुम्ही.
खरं आहे.

नजाकतभाईनं दोन टायर पुढ्यात ठेवले.
एकात अंगठ्याचं नख दाबलं. रुतलं.
दुसऱ्यात दाबलं. नाही रुतलं.
"हा धरते," म्हणाला, "अन् हा टिकते.
धरते थो वीस हजार किलोमीटरात संपते बाप्पा.
दोन्ही गोष्टी एकाच रबरात पाह्यजे असन
तं थो टायर अजून कोणाच्या बापानं काढला नाही."

मग कडेवरचे चार आकडे वाचले त्यानं,
मी सातबारा वाचतो तसे, बोट ठेवून:
कितव्या आठवड्यातला, कोणत्या सालचा.
"गोडाऊनात पडल्या पडल्याही म्हातारं होते रबर."

मी हिशेब मांडला. समोरचे दोन मऊ,
मागचे दोन कडक. पैसे वाचतील.
त्यानं कॉम्प्रेसर बंद केला. एकदम शांत झालं.
"समोरचं धरलं अन् मागचं सुटलं,
तं गाडी स्वतःचंच शेपूट पाह्याले वळते.
चार घ्या. नाही तं चहा घ्या अन् घरी जा."

"चालवता कोठी?"

इथं मी अडखळलो.
घर ते सोसायटी नऊशे मीटर, पाच गतिरोधक,
त्यातला एक नुसत्या भांडणातून उभा राहिलेला.
सोसायटी ते बँक, मागं कोणाची तरी सायकल.
पण महिन्यातून एका रविवारी, पहाटे पाचला,
धामणगाव गढी ओलांडली की घाटात
एक वळण आहे. डावीकडे सागवान, उजवीकडे काहीच नाही.
तिथं गाडी झुकते, टायर कण्हायला लागतात,
आणि छातीतली सगळी खातेवही
कोणीतरी पानापानानं वाऱ्यावर सोडतं.
अकरा सेकंद. मोजलेत मी.

एवढं कुठं सांगणार. म्हटलं, "घाटात. कधी कधी."
तो माझ्याकडे बघतच नव्हता.
उतरवलेल्या टायरवरून हात फिरवत होता:
बाहेरचा खांदा पार झिजलेला, मधलं अंग जवळजवळ कोरं.
"कधी कधी," तो म्हणाला.
आणि मागं वळून हाक दिली,
"सोहेल, मऊवाले काढ. चारही."

परत येताना, गाव दोन किलोमीटर राहिलं तर
अर्धा रस्ता सोयाबीननं झाकलेला,
कडेनं दगड लावून हद्द आखलेली,
आणि उरलेल्या अर्ध्यात समोरून कापसाची ट्रॉली.
चौतीस हजारांचं रबर, अंगावर अजून साच्याची लव,
त्या गोल दाण्यांवर काय धरणार?
पहिल्या गिअरमध्ये, बैलामागं चालावं तसा निघालो.
शेवंताबाई काळमेघ फावड्यानं दाणे पालटत होती.
तिनं मान वर केली नाही.
"हळू घ्या जी सचिव. दाणा फुटते."

घरी येऊन किल्लीच्या टोकानं
खाचांमधले दाणे उकरले. सतरा निघाले.
खाचेचं आणि दाण्याचं माप अगदी एक.
अठरावा काही केल्या निघेना.
राहू दिला.
रविवारी घाट बघेल तोही.