गुणगुण काढून द्या

डुलुथ, फेब्रुवारी. सरोवर गोठलेलं,
खनिजाच्या धक्क्यावर एकही जहाज नाही.
लोरीन स्यॉबर्ग आल्या, बुटांवरचा बर्फ दारातच झटकला
आणि गिटारची पेटी माझ्या टेबलावर ठेवली
तापलेला ट्रे ठेवावा तशी, दोन्ही हातांनी, बेतानं.
"आर्विडची. आता नातू वाजवणार म्हणतो.
पण हिची गुणगुण तेवढी काढून द्या,
डोकं उठतं त्याचं."

बिघाड काहीच नव्हता.
सिंगल कॉइल पिकअप: चुंबकांची एक रांग,
भोवती केसाहून बारीक तांब्याची तार, आठेक हजार वेढे.
कान इतके तिखट की सगळंच ऐकतो,
माझ्या छतावरची ट्यूबलाइट,
शेजारच्या लाँड्रीतली मोटार,
भिंतीभिंतीतून पळणारी वीज.

म्हटलं, बदलण्याआधी तिन्ही प्रकार ऐका.
बत्तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात पाव भाजलेली बाई,
तिला ट्रेबल नि बेस काय सांगायचं?
तोच अ‍ॅम्प, तीच तिसरी तार,
गिटार तेवढी बदलत गेलो.

आधी हंबकर. दोन वेटोळी शेजारी शेजारी,
एक सुलट, एक उलट;
बाहेरचा गोंगाट एकात शिरतो, दुसऱ्यात फिटतो.
उरतो तो सूर जाड, गोल,
कडा वापरून वापरून झिजल्यासारख्या.
"पावाचा गाभा," त्या म्हणाल्या.
"मऊ. दात पडलेल्यांना बरा."

मग पी-नव्वद. वेटोळं एकच, रुंद आणि चपटं,
गुणगुणतं तेही.
घसा खाकरून बोलायला उठलेला माणूस,
हळू छेडलं तर समजूतदार,
जोरात छेडलं तर अंगावर येणारा.
"राईच्या पावाचं बूड. किंचित करपलेलं.
माझे सासरे हेच मागून घ्यायचे."

शेवटी आर्विडची.
मी तार छेडली. त्या काही बोलल्या नाहीत.
पुन्हा छेडली.
"भट्टीतून काढून गार हवेत ठेवला ना,
की वरची कड आपोआप तडतडते.
ऐकलीय कधी? ती."

हंबकर बसेल, मी म्हटलं,
पण त्यासाठी लाकूड कोरावं लागेल.
नाहीतर नातवाला सांगा, बसायची दिशा बदल.
आणि स्टुलावर बसल्या बसल्या गिटारसकट फिरलो:
गुणगुण चढली, उतरली,
एका जागी जवळजवळ विझलीच.
"बघा, इथे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
"दर शुक्रवारी बसायचा. असाच, तिरका.
स्वयंपाकघराकडे तोंड करून.
मी आत कणीक मळत असायची."

माझा हात तारांवर तसाच राहिला.
एका फुकटच्या प्रात्यक्षिकात
मी एका बाईचे चाळीस वर्षांचे शुक्रवार
मोडीत काढले की काय!
काहीतरी बोलावं म्हणून जॅकचा स्क्रू शोधू लागलो.

"थांबलात का? फिरा ना पूर्ण."

फिरलो. गुणगुण परत चढली,
आणि बरोबर अर्ध्या वर्तुळावर
पुन्हा तशीच खाली बसली.
इथे माझ्यासमोर कॅलेंडर, मागच्याच वर्षीचं.

"जागा दोन असतात," लोरीनबाई म्हणाल्या.
"लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं त्यानं.
आमच्याकडे दुसऱ्या जागेसमोर खिडकी होती.
अख्खं सरोवर दिसायचं तिच्यातून.
दिवे लावून आत येणारी जहाजं त्याला फार आवडत."

एवढं म्हणून हातमोजे चढवले,
डावा उजव्यात गेला, काढून पुन्हा घातला.
"किती झाले?"

तारा नव्या, जॅक साफ केला: अठरा डॉलर.
पावतीच्या तिसऱ्या ओळीवर पेन जरा अडखळलं,
मग लिहिलं,
गुणगुण: तपासली. तशीच ठेवली.