आ कर

चार नंबरची लाइन, सतरावं टेबल.
बटण दाबायचं : आ कर.
ट्रे बाहेर. त्याच्या जिभेवर चकती ठेवायची.
पुन्हा बटण : गीळ.
मग कान द्यायचा. आधी खर्र, मग भिंगरी,
मग काहीच नाही.
ते काहीच नाही ऐकू आलं की पास.
एका ड्राइव्हला बावीस सेकंद, अशी अकरा वर्षं.
हिशेब करू नका. जोमारने एकदा केला होता
आणि पुढे आठवडाभर
माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होता.

कालांबाच्या त्या कारखान्यात आम्ही सगळ्या बायकाच.
पुरुषांची बोटं जाड, असं सुपरवायझर म्हणायचा
आणि स्वतःची खिशात घालायचा.
प्रत्येकीच्या बिल्ल्यामागे सरळ केलेली एक पेपरक्लिप.
एखादा ट्रे दातखीळ बसल्यागत अडला
तर खालच्या बारीक भोकात ती घालायची,
हलकेच, लेकराच्या कानातला मळ काढावा तशी.
फेलिसिदाद दिमाआनो तर ती केसांत खोचून
रविवारी चर्चलाही यायची.

मग ऑर्डरी रोडावल्या.
आधी ओव्हरटाइम गेला, मग रात्रपाळी,
मग दोन आणि तीन नंबरच्या लाइनवरचे दिवे.
कुणी काही बोललं नाही.
जगात कुठेतरी लोक कॉम्प्युटर विकत घेत होते
आणि त्यांना तोंडच नव्हतं,
आणि कुणी दुकानात परत घेऊन येत नव्हतं.
शेवटच्या दिवशी एकेक पोतं तांदूळ दिला
आणि कंपनीचं नाव असलेली छत्री.
तांदूळ संपला. छत्री अजून उघडते.

गेल्या महिन्यात मनगट दाखवलं.
रात्री तीन बोटांत आणि अंगठ्यात
मुंग्यांचं वारूळ जागं होतं.
हॉस्पिटलात मला फळीवर पालथं झोपवलं,
हात डोक्याच्या पुढे.
त्या मुलीने बटण दाबलं,
फळी आत सरकली.
मला हसू फुटलं.
ती म्हणाली, हलू नका हो, परत घ्यावं लागेल.

फोटो मिळाले ते चकतीवर.
आमच्याकडे अजून हीच पद्धत आहे,
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, जरासा ओशाळून.

घरी जोमारचा नवा कॉम्प्युटर.
एक कूस काचेची, आत जांभळे निळे दिवे,
फिएस्टाची रात्र डब्यात भरल्यासारखे.
मी समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं,
गुडघे टेकून खालूनही पाहिलं.
फट नाही, बटण नाही,
क्लिप घालायला ते भोकसुद्धा नाही.
"तिता, त्याचं आता काय काम?"
त्याचं खरं आहे. त्याने उभ्या जन्मात
एकदाही घातली नसेल.
पण माझं मनगट माझ्या हातात होतं, पाकिटात,
आणि ते भरवायला घरात एक तोंड नव्हतं.

शेवटी शाळेच्या लायब्ररीतून उसना आणला,
वायरीला लोंबणारा, बिस्किटाएवढा जाड.
बटण दाबलं. बोटभर आला आणि थांबला.
पुढचा हाताने ओढावा लागतो.
आमच्या लाइनवर हा नापास.
चकती मी कडेला धरून ठेवली,
चकाकत्या बाजूला बोट न लावता.
हे मी केलं नाही, हाताने केलं.
कारखाना बंद झाल्याचं
त्याला कुणी कळवलेलं नाही.

खर्र.
भिंगरी.
बेअरिंग कोरडं पडलंय, मी म्हटलं.
जोमार स्क्रीनकडे वाकलेला.
करडी हाडं, ओढ्यातल्या गोट्यांसारखी आठ,
आणि त्यांच्या कुशीतून चाललेली
चेपलेली एक नस.
"तिता, इकडे बघ ना. ही तुझी."
थांब रे, मी म्हटलं,
अजून ते शांत झालं नाही.