खर्ची पडलेला वास

सकाळी आठला इर्मेली मनोऱ्यावर चढते,
खिशात राईची भाकर, पाना.
खाली पाइनच्या फांदीला पिशवी बांधलीये,
झाड सोडतं ते तिथे जमा.

वरच्या नळीत त्यातलं काही पोचतच नाही.
वाटेत ओझोनने गाठलं,
नाहीतर उन्हाने घडवलेल्या, सेकंदभरही न जगणाऱ्या
एका तुकड्याने तोडलं.
खर्च जमेशी जुळत नाही अजून.
कोणीतरी खातंय, त्याचं नाव वहीत नाही.

बाप लाकूडतोड्या, कोटाला राळ चिकटलेली;
आई म्हणे, आलं जंगल जेवायला.
आता कळतं,
नाकाशी आला तो फक्त वाचलेला वास.

बाकीचा सायमा तळ्यावर निळसर,
इतका बारीक, की उद्या
त्याला धरून थेंब जमेल.

इर्मेली फिल्टर बदलते,
हातमोजा काढून
बोटं हुंगते.