फुगा कसा आहे?

उद्यमनगरात, लेथच्या तिसऱ्या बोळात
दस्तगीर शिकलगार बोटीची इंजिनं दुरुस्त करतात.
समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.
रत्नागिरी चार तासांवर.
"काय बघायचं त्यात," म्हणतात, "पाणीच की."
त्यांचा समुद्र म्हणजे दोनशे लिटरचं निळं पिंप,
काठाला ग्रीसचं वर्तुळ.
त्यात इंजिनाचं शेपूट बुडवायचं, दोरी ओढायची.

मी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली.
"पाना नंतर धर, शामल. आधी गप्प बस.
इंजिन खोटं बोलत नाही, चालवणारा बोलतो."
चालवणारा सांगतो, एकदम बंद पडलं.
एकदम काहीच बंद पडत नसतं.

प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालं,
कोरडा असेल तर पोचतच नाही.
बाजूच्या भोकातून पाण्याची धार यायला हवी,
पोरगं भिंतीशी उभं राहिल्यासारखी.
नसेल, तर आत रबरी पात्यांचं चक्र
वर्षभर सरकारी गोदामात बसून लाकूड झालेलं.
गिअरचं तेल कोऱ्या चहासारखं निघालं तर ठीक,
दूध घातलेल्या चहासारखं निघालं
तर सील गेलं.

आणि पंख्याच्या दांड्यात एक पितळी पिन,
माझ्या करंगळीहून बारीक.
पंखा दगडाला भिडला की आधी ती तुटते, गिअर वाचतो.
चाचा ती लेथवर डझनानं काढतात.
"मुद्दाम मऊ ठेवायची.
हिला पोलादाची केलीस, तर सगळंच मोडेल."

त्या ऑगस्टात रात्री पावणेदोनला फोन वाजला.
चिखलीकडून संकेत आंबी,
ज्याचा आजा बांबूनं नाव चालवायचा.
बोटीत नऊ माणसं, एक शेळी. बोटीखाली ऊस.
"चालतंय चाचा, पाच मिनिटं चालतंय, मग मरतंय."
"दोरी ओढ. फोन जवळ धर."
आम्ही ऐकलं: खर्र, खर्र, धडधड,
मग दम लागल्यासारखं, मग नुसता पाऊस.
मागं एक बाई कुणाकुणाला मोजत होती,
आठवर अडकून पुन्हा एकपासून.
"धार येतीया?"
"येतीया."
"फुगा कसा आहे?"
"कुठला फुगा?"
"पेट्रोलच्या नळीतला, काळा. चाचपून बघ."
"चपटाय. दाबला न्हाई तरी चपटाच."
चाचा हसले. वीज नव्हती, पण हसलेले कळलं.
"टाकीच्या झाकणावरचा स्क्रू कुणी आवळला?"
बराच वेळ पाऊस.
"मीच. पाणी आत जाईल म्हणून."
"ढिला कर. टाकीलाबी श्वास लागतो, लेकरा.
वरनं हवा शिरल, तवा खालनं पेट्रोल सुटंल.
वर तळहात धर. पाऊस तुझ्या हातावर पडू दे."

सुस्स झालं असेल. आम्हाला ऐकू आलं नाही,
फोनच तुटला. चार्जिंग संपलं,
की टॉवर गेला, की...
चाचा दुसऱ्या 'की'पाशी थांबले.
मेणबत्ती लावून जुन्या प्लगांचा डबा घेतला,
तारेच्या ब्रशनं एकेक घासत बसले.
उजाडेपर्यंत बत्तीस झाले.
त्यातले निम्मे भंगारात घालायचे होते.

नऊला टेम्पोतून इंजिन आलं.
ड्रायव्हर परगावचा, त्याला काहीच माहीत नाही.
पंख्याला उसाचा पाला, पाल्यात दाव्याचा तुकडा,
आणि पिन तुटलेली.
चाचांनी ती तळहातावर घेतली, दाराच्या उजेडात गेले,
पात्यावरची ताजी खोक अंगठ्यानं चाचपली.
"पोचलेत," म्हणाले.
"दगडाची खूण आहे. उसात दगड कुठला?
काठाला लागलेत."

नळाला पाणी नव्हतं, उपसा केंद्रच बुडालेलं.
बोळाच्या तोंडाशी पूर होता.
मी तोच बादली बादली आणून
पिंप भरायला लागले.